पंपाचा परदा

अब्बांची गाडी १९७३ ची प्रीमियर प्रेसिडेंट. हे नाव आता फारसं कुणाला आठवत नाही, पण पुढे हीच गाडी प्रीमियर पद्मिनी झाली म्हटलं की ओळख पटते. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी ती हीच. आमच्या मोहल्ल्यात मात्र तिला आजही फियाटच म्हणतात.

गेल्या पावसाळ्यानंतर ती सुरू व्हायची, नाक्यापर्यंत जायची आणि गचके खाऊन बंद पडायची. मिस्त्रीचाचांनी डिपस्टिक बाहेर काढली, ऑइल हुंगलं आणि म्हणाले, "सर, ऑइल में पेट्रोल उतर रहा है. पंप का परदा फट गया."

परदा म्हणजे डायफ्राम. गाडीची टाकी मागे, इंजिन पुढे. इंजिनाला लावलेल्या पंपातला हा रबरी कापडाचा गोल तुकडा कॅमशाफ्टच्या धक्क्याने वर-खाली होतो, टाकीतलं पेट्रोल ओढतो आणि कार्ब्युरेटरकडे ढकलतो. फाटला की पेट्रोल खाली ऑइलमध्ये गळतं, ऑइल पातळ होतं आणि इंजिन झिजायला लागतं. शरीरातल्या डायफ्रामला विज्ञानाच्या मराठी पुस्तकात श्वासपटल म्हणतात. उर्दूतही परदाच म्हणतात. मी दोन्ही भाषा शिकवतो, पण पंपासाठी मला मिस्त्रीचाचांचा शब्द जास्त आवडला.

तुकडा तळहातापेक्षा लहान, पण त्याच्यावर बरंच अडलं होतं. ५० वर्षं पूर्ण झालेल्या, मूळ रूपात राखलेल्या खाजगी गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदवण्याचा नियम २०२१ मध्ये आला. फी २०,००० रुपये, नोंदणी दहा वर्षांची. त्या बातमीचं कात्रण अब्बांनी कपाटात अम्मीच्या चष्म्याशेजारी ठेवलंय. अब्बांचं वय ८१. दुसरीकडे भाईजानचं म्हणणं, ईदपर्यंत गाडी चालली तर ठीक, नाहीतर भंगारात. गाडी त्यांच्या दारात उभी असते, त्यामुळे त्यांचा शब्द वजनदार.

मला वाटलं होतं, फियाटचा पार्ट आणि तोही मुंबईत, त्यात काय अवघड? गाडी बनलीच कुर्ल्यात, प्रीमियरच्या कारखान्यात. तीन रविवार मी कुर्ल्याच्या भंगार बाजारात काढले. दरवाजे मिळाले, हेडलाइटच्या रिंगा मिळाल्या, स्टेअरिंगसुद्धा मिळालं. पंपही मिळाले चार, पण चारही पंपांचे परदे वाळलेल्या चामड्यासारखे कडक. कारण दुकानदाराने सांगितलं आणि ते पटण्यासारखं होतं. या गाड्या टॅक्स्यांच्या. न्यायालयाच्या आदेशानंतर मुंबईच्या टॅक्स्या सीएनजीवर गेल्या, तेव्हापासून पेट्रोलचा पंप नुसता लटकलेला. आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदतही संपली. "टॅक्सी थी तो माल आता था. अब कौन बनाएगा, आपके अकेले के लिए?" टॅक्सीवाल्यांच्या जिवावर आमच्यासारख्यांच्या गाड्या इतकी वर्षं चालल्या, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

चौथ्या रविवारी एका जुन्या दुकानात डबाबंद रिपेअर किट मिळालं. दुकानदाराने ३० रुपयांची छापील किंमत दाखवून ६०० मागितले. मी दिले. ते किट सात आठवडे टिकलं.

याचं कारण आताचं पेट्रोल. २०२५ पर्यंत देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायला लागले. उसाला भाव मिळतो, परकीय चलन वाचतं, ते ठीकच आहे. पण जुनं रबर इथेनॉलमध्ये फुगतं, मऊ पडतं, मग चिरतं. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढून घेतं, त्यामुळे पत्र्याची टाकी आतून गंजते. तो गंज पुढे कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये अडकतो. म्हणजे मी कंपनीचा सीलबंद जुना माल शोधत फिरत होतो आणि तोच माल या पेट्रोलला चालणारा नव्हता.

एका गॅरेजवाल्याने इलेक्ट्रिक पंप सुचवला. मिस्त्रीचाचा नको म्हणाले. अशा पंपाचा दाब जास्त झाला तर कार्ब्युरेटरची नीडल तो रोखू शकत नाही आणि पेट्रोल गरम इंजिनावर सांडतं. अब्बांनी तर विषयच बंद केला. नियम मूळ रूपाची अट घालतो, अब्बा तिचा अर्थ नियमापेक्षा कडक लावतात.

शेवटी उपाय सापडला नागदेवी स्ट्रीटवर, गाड्यांशी संबंध नसलेल्या दुकानात. तिथे कारखान्यांसाठी रबर आणि गॅस्केट विकतात. फ्लोरो रबर चढवलेलं कापड, ज्याला बाजारात व्हिटॉन म्हणतात, ते इथेनॉलला दाद देत नाही. दुकानातल्या पोराने विचारलं, "कोणतं मशीन?" मी म्हटलं, "फियाट." तो हसला आणि मोठ्या तुकड्याचे पैसे घेऊन कापून दिलं.

मिस्त्रीचाचांनी फाटलेला परदा त्यावर ठेवून पेन्सिलीने गोल आखला, भोकं पाडली, दोन पत्र्याच्या चकत्यांमध्ये बसवला. कापडातून आणखी तीन निघाले, ते आता अम्मीच्या बिस्किटाच्या डब्यात आहेत. पेट्रोलच्या नळ्याही बदलल्या, टाकी उतरवून धुतली, पंपाच्या आधी फिल्टर टाकला.

ईदला अब्बा पुढच्या सीटवर बसून ईदगाहला गेले. गाडी मी चालवली. भाईजान मागे बसले होते. परतताना त्यांनी एवढंच विचारलं, "आरटीओची तारीख कधीची घेतली?" पुढच्या महिन्यातली आहे. तोवर कार्ब्युरेटरची नवी नीडल शोधायची आहे, जुनी थोडी गळतेय.