पत्र्याचा डबा

आमच्या चिखलीच्या खोलीत माळ्यावर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात क्रिकेटपटूंची ४१ चित्रं आहेत. माझी सारी दौलत तीच!

चित्रं मूळची अण्णांची. १९९० च्या सुमारास ते बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावी शाळेत होते. तेव्हा ‘बिगफन’ च्युइंगमबरोबर अशी चित्रं मिळत. त्यांवर धावा किंवा विकेट छापलेल्या असत. पोरं आकडे जमवायची, अदलाबदल करायची. कपिल देव निघाला की गलका व्हायचा. बाकीच्यांना कुणी विचारत नसे. अण्णांच्या खिशात पैसे नसायचे, त्यामुळे त्यांच्या वाट्याला दुसऱ्यांनी टाकलेलीच चित्रं आली.

मीही तसलीच जमवतो. रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात जातो. विक्रेता सचिन पुढे करतो, मी खालचा गठ्ठा मागतो. मित्र म्हणतात, “अरे, याला त्याच्या गल्लीत तरी कुणी ओळखतं का?”

अमेरिकेत बेसबॉलपटूंच्या चित्रांचा मोठा बाजार आहे. होनस वॅग्नरचं एक जुनं चित्र २०२२ साली साडेबहात्तर लाख डॉलरना विकलं गेलं. साध्या खेळाडूंच्या चित्रांना तिथं नावच आहे ‘कॉमन’.

पण साधा कुणाला म्हणायचं? डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठेवाडविरुद्धच्या रणजी सामन्यात महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते. ब्रॅडमनच्या ४५२ च्या विक्रमाची बरोबरी करायला नऊ धावा हव्या होत्या. तेवढ्यात काठेवाडनं सामनाच सोडून दिला! निंबाळकरांना कसोटी सामना कधीच खेळायला मिळाला नाही.

त्यांचं चित्र माझ्याकडे नव्हतं. मग खोक्याचा पुठ्ठा कापून मीच काढलं, मागं ‘नाबाद ४४३’ लिहिलं. ते ठेवायला डबा पार रिकामा केला, तर तळाशी रबर लावलेला आणखी एक गठ्ठा निघाला. अण्णांचे जुने गेटपास. एकूण १४. काही महिने काम, मग ब्रेक, मग नवा ठेकेदार, नवा पास. प्रत्येकावर अण्णांचा फोटो. केस तेवढे पांढरे होत गेलेले. ‘कायम’ असा शब्द एकावरही नाही.

“अण्णा, हे कशाला ठेवलेत?”

“टाकवत नाही रे. फोटू हाय ना माझा त्यावर.”

मी काही बोललो नाही. पास तारखांप्रमाणे लावले आणि चित्रांच्या शेजारी ठेवले.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच. “वडील काय करतात?” असं वर्गात कुणी विचारलं, की मी “कंपनीत आहेत” एवढंच सांगायचो. पुढचं गिळून टाकायचो. आज ते लिहूनच टाकतो. माझे वडील चाकणला कंत्राटी हेल्पर आहेत. बावीस वर्षं झाली.