रात्रीचे ४५ डेसिबल

वर्धा शहराला लागून असलेल्या बोरगाव मेघेत रात्री उशिरा एखादी ‘फटाका’ सायलेन्सरची बुलेट गल्लीतून गेली, की तान्ही बाळं दचकून उठतात आणि आजारी म्हाताऱ्यांची झोपमोड होते. चालवणाऱ्याला मात्र त्याचं काही सोयरसुतक नसतं.

कंपनीच्या सायलेन्सरच्या पोटात कप्पे आणि छिद्रांच्या नळ्या असतात. इंजिनातून दाबाने आलेला वायू त्यांतून फिरतो आणि त्याचा जोर ओसरतो. हे पोट कापून काढलं की उरते नुसती मोकळी नळी.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२० प्रत्येक वाहनाला आवाज कमी करणारा सायलेन्सर सक्तीचा करतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार ध्वनिमर्यादा मोडणाऱ्याला १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्री १० ते सकाळी ६ परिसरातल्या आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, तर रुग्णालयांभोवतीच्या शांतता क्षेत्रात ४०.

सेवाग्राम आणि सावंगी मेघेच्या मोठ्या रुग्णालयांमुळे वर्धेत हा ४०चा आकडा नुसता कागदावर राहून चालणार नाही.

नागपूर, पुण्यात पोलिसांनी जप्त सायलेन्सरांवर रोडरोलर फिरवला. ते योग्यच झालं. पण हे सायलेन्सर बसवून देणारी गॅरेजंही तपासायला हवीत, आणि नाकाबंदी दुपारच्या चौकात नव्हे, रात्री रुग्णालयांच्या रस्त्यांवर लागायला हवी.