शाबासकी आणि खुराक

निवृत्त शासकीय नोकरदारास निवृत्तिवेतनाचे मोल सांगावे लागत नाही. दर नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला देताना माझ्या मनात येते की, ही रक्कम म्हणजे उपकार नव्हे. केलेल्या कामाचीच ती उरलेली मजुरी होय. खेळाडूंच्या निवृत्तिवेतनाकडेही मी याच दृष्टीने पाहतो.

१९५२ साली हेलसिंकीस जाण्यासाठी खाशाबा जाधवांना पैशांची जुळवाजुळव करावी लागली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यासाठी आपले राहते घर गहाण ठेवले. खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढे पोलीस खात्यात दीर्घ सेवा करूनही निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले. १९८४ मध्ये त्यांचे अपघाती निधन झाले. सन २००० चा अर्जुन पुरस्कार त्यांना लाभला तो मरणोत्तर.

आता काळ पालटला आहे. केंद्राने २०१८ मध्ये ऑलिंपिक पदकविजेत्याचे निवृत्तिवेतन दरमहा २०,००० रुपये केले. टोकियोतील हॉकीच्या कांस्यपदकानंतर, २०२१ मध्ये, आमच्या मध्य प्रदेशाने इटारसीच्या विवेक सागर प्रसादला १ कोटी रुपये जाहीर केले. २०२४ मध्ये पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक मिळवणाऱ्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेला महाराष्ट्रानेही तेवढेच जाहीर केले. हे योग्यच झाले.

परंतु पारितोषिक ही शाबासकी आहे, खुराक नव्हे. ‘खेलो इंडिया’ने निवडक मुलांना हात दिला खरा, पण बहुतेकांची पदकापूर्वीची वर्षे आईबापांच्या तुटपुंज्या मिळकतीवरच निभतात. उज्जैनची मुले मल्लखांबावर घाम गाळतात. मध्य प्रदेशाने २०१३ मध्ये या खेळास राज्यक्रीडेचा मान दिला. येथील प्रशिक्षक योगेश मालवीय २०२० च्या द्रोणाचार्य पुरस्काराचे मानकरी ठरले. राज्याचा क्रीडापुरस्कारही आमच्या विक्रमादित्याच्याच नावाचा. तथापि मल्लखांब ना ऑलिंपिकमध्ये, ना आशियाई स्पर्धांत. पदकांच्या मोजपट्टीवर त्याने आपली उंची दाखवावी तरी कशी?

शासनाची तिजोरी म्हणजे अक्षयपात्र नव्हे, हे आयुष्यभर फायली हाताळलेल्या माणसास ठाऊक असते. म्हणूनच वाटते, पारितोषिकांचे आकडे फुगवण्याची राज्याराज्यांतील चढाओढ थांबावी आणि तो वाढीव पैसा तालमी, प्रशिक्षक व मुलांचे दूध यांकडे वळावा. खर्डेकरांसारखे प्राचार्य गावोगावी नसतात. त्यांनी घर गहाण टाकून जे साधले, ते वेळेवर करणे हे शासनाचे पहिले कर्तव्य. हारतुरे आणि धनादेश त्यानंतरचे.