फेकणारे आम्ही, उतरवणारी पोर

आमच्या धाकट्या मुलीचे विमान पाहायला गावातली माणसे जमतात आणि ते हातातून सुटून वर गेले की टाळ्या वाजवतात. पाच मिनिटांनी ते खाली येऊ लागते तेव्हा त्यातली अर्धी घराकडे वळलेली असतात. वाचकहो, आम्हांला याचे नेहमी नवल वाटते, कारण त्या पाच मिनिटांतले सगळ्यांत अवघड काम तेव्हाच सुरू होते.

विमान म्हणजे जत्रेतले खेळणे समजू नका. पंखांचा विस्तार एक मीटर, आकार पतंगासारखा त्रिकोणी, वजन नऊशे ग्रॅमच्या आसपास. थर्माकोल आणि फ्लेक्सवाले वापरतात ती पोकळ प्लास्टिकची शीट यांपासून घरीच बनवलेले. मोटर, तिचा वेग सांभाळणारे सर्किट, पंखांच्या पट्ट्या हलवणाऱ्या दोन छोट्या सर्व्हो मोटरी, लिथियम बॅटरी आणि हातातला रिमोट, हे सारे विकतचे. रिमोटच सर्वांत महाग. सगळे मिळून आठ-नऊ हजार रुपये गेले. आम्ही राईस मिलमध्ये हमाली करतो, आमच्या सौ. घरी विड्या वळतात. तेव्हा हे पैसे एका दिवसात उभे राहिले नाहीत हे सांगायला नको. मुलगी आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा कोर्स करते, झाळकाम तिला येते, म्हणून मजुरी वाचली. बाकीचे ती मोबाईलवर पाहून शिकली.

आमचे गाव गोरेगाव तालुक्यातले. गोंदिया जिल्ह्यातल्या पोरांना विमानाचे अप्रूप तसे जुने आहे. बिरसीची धावपट्टी इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० साली केली. या शतकात तिथे वैमानिक घडवण्याचे शिक्षण सुरू झाले. २०२२ च्या मार्चमध्ये पहिले प्रवासी विमान उडाले, आणि १ डिसेंबर २०२३ पासून हैदराबादची सेवा सुरू झाली. कामठ्याच्या बाजूने जाताना शिकाऊ विमाने घिरट्या घालताना दिसत. चाके टेकवायची, लगेच पुन्हा उडायचे, परत फिरून यायचे, पुन्हा टेकवायची. लहानपणी मुलीने विचारले होते, "बाबा, हे उतरून थांबत कायले नाही?" त्याचे उत्तर तेव्हा आमच्यापाशी नव्हते. तिथल्या शिक्षणाची फी लाखांत असते, तीही दोन आकडी, हे उत्तर मात्र ती थोडी मोठी झाल्यावर द्यावे लागले.

१८ मार्च २०२३ ला बिरसीहून निघालेले शिकाऊ विमान बालाघाट जिल्ह्यातल्या डोंगराळ भागात कोसळले. प्रशिक्षक आणि शिकणारी तरुणी, दोघेही गेले. त्या रात्री सौ. मुलीच्या थर्माकोलच्या विमानाकडेसुद्धा बघेनात. जमिनीवर उभे राहून उडवायचे आहे, त्यात कोणी बसत नाही, हे त्यांना समजत होते. तरी चार दिवस विमानाचा विषय घरात निघाला नाही.

आता फेकण्याचे सांगतो, कारण ते काम आमच्याकडे आहे. विमान लहान पंखांचे आणि वेगाचे. हवेत पूर्ण जोर लावला की ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास जाते असा मुलीचा हिशेब आहे. अशा विमानाला हवेत तरून राहण्यासाठीच ताशी तीसेक किलोमीटर वेग लागतो. पंखावरची उचल वेगाच्या वर्गाने वाढते आणि वर्गानेच कमी होते. वेग निम्मा झाला की उचल चौथाई उरते. म्हणजे आम्ही धावत जाऊन जोराने सोडले तरी ते जेमतेम तरण्याइतकेच होणार. म्हणून वाऱ्याच्या समोर तोंड करूनच सोडायचे. समोरून दहा किलोमीटरचा वारा असेल तर तेवढे काम वाराच करून देतो. राईट बंधूंनीही १९०३ साली आपले पहिले विमान चांगल्या बोचऱ्या वाऱ्याच्या तोंडावरच उडवले होते. पुढच्या वर्षी वारा कमी पडू लागला तेव्हा त्यांनी उंच मचाणावरून वजन पाडून विमानाला दोरीने ओढ दिली.

पोती उचलणाऱ्याचा हात वर जायला पाहतो. विमान मात्र आभाळाकडे फेकायचे नसते. नाक वर गेले की वेग मरतो आणि ते दहा पावलांवर पाठीवर पडते. समोरच्या धुऱ्यावर कोणी उभा आहे असे समजून त्याच्या छातीच्या उंचीवर, पंख दोन्हीकडे सारखे ठेवून सोडायचे. मुलगी मागून ओरडते, "बाबा, नाक वर करू नोका, सरळ सोडा!" एरवी आमच्याशी ती इतक्या मोठ्याने बोलत नाही. मैदानात मात्र तिचाच हुकूम चालतो, आणि आम्हांला ते आवडते.

मोटर मागच्या बाजूला आहे. या विमानाला चाके नाहीत, ते पोटावर घसरत उतरते. प्रोपेलर पुढे असता तर दर वेळी जमिनीवर आपटून तुटला असता. मागे ठेवल्याने प्रोपेलर वाचला, पण फेकणाऱ्याची बोटे त्याच्या वाटेत आली. म्हणून घरचा नियम असा की विमान हातातून पूर्ण सुटल्याशिवाय मोटर चालू करायची नाही. तो एक क्षण विमान नुसत्या आमच्या हाताच्या जोरावर असते. पुढे तिने गुलेलला लावतात तसले रबर आणले. त्याला नायलॉनची दोरी बांधली, दुसरे टोक खुंटीला, आणि विमानाच्या पोटाखाली आकडा. आता आम्ही रबर ताणत मागे येतो आणि हात सोडतो. दोरी आकड्यातून गळून पडली की ती मोटर सुरू करते. हातापेक्षा वेग जास्त मिळतो आणि दर वेळी सारखा मिळतो. आमच्या खांद्याची किंमत तेवढी घटली, पण बोटे दहाही शाबूत आहेत.

वर गेल्यावर दुसरीच अडचण. शंभराच्या वेगाने विमान पाच सेकंदांत सव्वाशे-दीडशे मीटर दूर जाते. तिथून ते येते आहे की जाते आहे हेच कळत नाही. शिवाय विमान आपल्याकडे तोंड करून येत असेल तर डावे-उजवे उलटे होते. रिमोटची काडी डावीकडे नेली की ते पाहणाऱ्याच्या उजवीकडे वळते. कितीतरी विमाने यातच मोडतात. मुलीने वरची बाजू भगवट पिवळी आणि खालची काळी रंगवली, ती शोभेसाठी नव्हे.

आता उतरवणे. नवीन शिकणाऱ्याला वाटते, खाली यायचे तर हळू यावे. सायकल हळू केली की पाय टेकता येतात, तसेच. विमानाच्या बाबतीत हीच समजूत घात करते. वेग कमी करत करत जमिनीजवळ वळण घेतले की वळणाच्या ओझ्याने पंखांवरचा भार वाढतो. साठ अंश कलून उंची न सोडता वळले तर भार दुप्पट होतो. एका पंखाचे टोक आधी तरणे सोडते, विमान त्या बाजूला पलटते, आणि खाली सावरायला जागाच नसते. म्हणून वळणे सगळी वर, उंची असतानाच उरकायची. मग वाऱ्याच्या समोर, लांबून, सरळ रेषेत यायचे. मोटर थोडी चालू, नाक किंचित खाली, वेग धरलेला. जमीन गुडघाभर उरली की मोटर बंद आणि नाक अगदी थोडे वर. मग ते गवतावरून सर्रर्र करत दहा-पंधरा पावले घसरते आणि थांबते. शंभर मीटर लांबून येताना ही सरळ वाट सात-आठ सेकंदांची असते. ती चुकीची वाटली तर हट्ट न धरता पूर्ण जोर देऊन पुन्हा वर जायचे आणि नवी फेरी घ्यायची. त्यासाठी बॅटरीचा तिसरा हिस्सा राखून ठेवायचा. रिमोटवर पाच मिनिटांचा गजर लावलेला असतो. विमान कितीही सुरेख उडत असले तरी गजर झाला की ती परतीला लागते. बिरसीची शिकाऊ विमाने उतरून का थांबत नव्हती, ते आम्हांला असे आमच्याच बांधीत उभे राहून कळले. विक्रांतसारख्या जहाजावर उतरणारे लढाऊ विमानसुद्धा टेकताक्षणी इंजिनाला पूर्ण जोर देते म्हणे, तार हुकली तर पुन्हा उडता यावे म्हणून.

जागा म्हणाल तर धान कापल्यावरच्या बांध्या. पण सगळ्या चालत नाहीत. आमच्याकडे उभ्या धानातच लाखोरी पेरतात, कापणी झाली की तीच वर येते. त्या मऊ हिरवळीवर विमान छान उतरेल, पण ते दुसऱ्याचे पीक आहे. लाखोरी नसलेली बांधी पाहायची, मालकाला विचारायचे, धुऱ्यांची दिशा बघायची. धुरा वीतभर उंच असला तरी नऊशे ग्रॅमला पुरेसा आहे. मागच्या हिवाळ्यात उतरता उतरता वारा फिरला आणि नाक धुऱ्यात गेले. मोटरचा दांडा वाकला, एक सर्व्हो गेली. तळ्याकडच्या बाजूला आम्ही जातच नाही, तिथे सारस उतरतात. महाराष्ट्रात हा पक्षी मुख्यतः आपल्याच जिल्ह्यात उरला आहे. एवढे थोर पाखरू, पण उडताना त्यालाही चार पावले धावावे लागते. ते पाहून मुलगी म्हणाली, याला रबर नको.

कायद्याचेही पाहावे लागते. २०२१ च्या ड्रोन नियमांत अशी विमानेही येतात. विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही. आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात दोनशे फुटांपर्यंत, आणि त्यापलीकडे मोकळ्या क्षेत्रात चारशे फुटांपर्यंत मुभा आहे. बिरसी आमच्या गावापासून वीस किलोमीटरहून दूर, म्हणून बरे. कामठ्याकडच्या मुलांनी हे करू नये. तिथे वर माणसे बसलेली विमाने असतात. मुलीला पुढे रिमोट पायलटचे प्रमाणपत्र घ्यायचे आहे. धानावर फवारणी करणाऱ्या ड्रोनला ते लागते, आणि दहावी पास व अठरा वर्षे पूर्ण असली की त्याचे शिक्षण घेता येते. फीचा विचार चालू आहे.

खर्चाची वही सौ.कडे असते. त्या रुपयांत लिहीत नाहीत, विड्यांत लिहितात. सर्व्हो गेली: अर्धा हजार विड्या. प्रोपेलर: तीनशे. धुऱ्याच्या दिवशी त्यांनी आकडा लिहिला, वही मिटली आणि मुलीला म्हणाल्या, "वारा फिरला तर वरच राहायचं होतं ना, बाई." तेव्हा आम्हांला समजले की त्या इतके दिवस विड्या वळता वळता सगळे बघत होत्या. त्या दिवसापासून धुऱ्यावर काठीला प्लास्टिकची चिंधी बांधून वाऱ्यावर नजर ठेवण्याचे काम त्यांच्याकडे गेले. विमान शेवटच्या सरळ वाटेला लागले की त्या हात वर करतात. हात खाली आला तर उतरायचे नाही.

आता उन्हाळी धानासाठी पाणी सुटले आहे, बांध्या भरू लागल्या. विमान आढ्याला टांगले आहे. बॅटरी अर्धी भरून पत्र्याच्या डब्यात ठेवली आहे, कारण पूर्ण भरून महिनोन्महिने ठेवली तर ती फुगते. गल्लीतल्या पोरांनी पुढच्या मोसमात रबर ओढायला आपला नंबर लावून ठेवला आहे. उतरवायला शिकव असे अजून एकीनेच विचारले आहे. ती सातवीत आहे.