एकाच कंपनीचं कार्ड

कोकणात श्रीवर्धन तालुक्यातल्या दिवेआगरच्या सुपारीच्या वाडीत खोदताना १७ नोव्हेंबर १९९७ रोजी तांब्याच्या पेटीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला. मार्च २०१२ मध्ये दरोडेखोरांनी मंदिराच्या दोन रखवालदारांचा जीव घेऊन तो पळवला आणि वितळवून टाकला. २०२१ मध्ये नवा मुखवटा बसवला गेला, पण जुन्याचं रूप आता फोटोंतच उरलं आहे. मुखवटा सापडणं आणि चोरी यांच्या मधली चौदा वर्षं कॅमेऱ्याच्या इतिहासातही वेगळीच होती. सुरुवातीला फिल्मचे रोल होते, शेवटी सगळं डिजिटल झालं होतं आणि मधल्या काळात कंपन्या आपापलं मेमरी कार्ड गिऱ्हाइकाच्या माथी मारत होत्या. सोनीने १९९८ मध्ये मेमरी स्टिक आणली. पॅनासोनिक, सॅनडिस्क आणि तोशिबाने १९९९ मध्ये एसडी कार्ड जाहीर केलं. तरीही ऑलिम्पस आणि फुजीफिल्मने २००२ मध्ये स्वतःचं एक्सडी कार्ड काढलं. पुढे २०१० च्या आसपास सोनी आणि ऑलिम्पस दोघीही एसडीकडे वळल्या. त्या काळात दिवेआगरला आलेल्या पर्यटकाचे फोटो आज कुठल्या कार्डात अडकले असतील, ते त्याने दुकानात कोणता कॅमेरा उचलला यावर ठरलं.

अशा कार्डांची तक्रार बहुतेक वेळा किमतीवरून होते. किमतीचा मुद्दा खरा असला तरी मला तो दुय्यम वाटतो, कारण जास्त मोजलेले पैसे एकदाच जातात. खरा तोटा असा, की आपण काढलेला फोटो आपल्याला पुन्हा पाहता येणं हे एका कंपनीच्या धंद्याच्या हिशेबाला बांधलं जातं. एक्सडीची गोष्ट यासाठी नीट पाहण्यासारखी आहे. त्या कार्डात, त्याआधीच्या स्मार्टमीडियासारखीच, नुसती स्मृतीची चिप होती. तिला चालवणारं नियंत्रक सर्किट कार्डात नव्हतं, ते काम कॅमेऱ्याने करायचं. कार्ड त्यामुळे लहान झालं, पण पुढच्या क्षमतेचं कार्ड जुन्या कॅमेऱ्याला ओळखू येईल याची खात्री राहिली नाही. एक्सडी २ जीबीवर थांबलं ते थांबलंच. त्यातही ऑलिम्पसच्या कित्येक कॅमेऱ्यांत पॅनोरमाची सोय ऑलिम्पसचंच नाव असलेलं एक्सडी कार्ड घातलं तरच चालायची. फुजीचं कार्ड त्याच खाचेत बसायचं, साधे फोटो साठवायचं. मात्र दिवेआगरचा लांबच लांब किनारा एका चौकटीत जोडून घ्यायचा म्हटलं, की ते चालत नसे. ही अडवणूक तंत्राची नव्हती. दुसऱ्याचं कार्ड विकलं जाऊ नये म्हणून ती मुद्दाम घातलेली होती, आणि याचं समर्थन मला कुठूनही करता येत नाही.

कंपनीच्या बाजूने बोलण्यासारखं काहीच नाही असं मात्र नाही. कॅमेरा आणि कार्ड एकाच घरात घडलं, तर दोन्ही एकमेकांना जुळवून घेता येतात आणि दहा जणांच्या समितीची वाट पाहावी लागत नाही. सोनीने मेमरी स्टिक कॅमेरा, संगणक, गाणी ऐकण्याचं यंत्र अशी सगळीकडे बसवली. ज्याच्या घरी सगळंच सोनीचं, त्याची त्यात सोयच झाली. शिवाय सॅनडिस्क आणि लेक्सारनेही ही कार्डं बनवली, म्हणजे दार अगदीच बंद नव्हतं. पण ही सोय त्या घराच्या उंबरठ्यापर्यंतच होती. मूळ मेमरी स्टिक १२८ एमबीवर अडली, २००३ मध्ये प्रो आली, आणि जुन्या यंत्रांना ती वाचता येईना. एसडीतही अशी फारकत झाली; २००६ चं एसडीएचसी जुन्या कॅमेऱ्यांत चालत नाही. फरक उलट्या दिशेने दिसतो: आजचा साधा कार्ड रीडर वीस वर्षांपूर्वीचं एसडी कार्ड सहज वाचतो. मोबाइलमधलं मायक्रोएसडी अडॅप्टरमध्ये घालून एसडीच्या खाचेत चालतं, म्हणून कार्ड भरलं तर मोबाइलच्या दुकानातही दुसरं मिळू शकतं. बहुतेक एक्सडीवाल्यांना ही वाट नव्हती.

यावर एक आक्षेप गंभीर आहे: एसडी तरी कुठे मोकळं आहे? त्यालाही परवाना लागतो, शुल्क लागतं. बरोबर आहे. म्हणूनच कागदावर प्रमाण ‘सर्वांसाठी’ आहे की नाही, एवढंच पाहून मी समाधान मानणार नाही. किती जण ते प्रत्यक्षात बनवतात, हे पाहीन. एक्सक्यूडी कार्ड २०११ मध्ये सर्वांसाठीचं प्रमाण म्हणून प्रसिद्ध झालं, पण बनवणारे मोजकेच राहिले आणि वापरणारे सोनी-निकॉनच्या भरवशावर. निकॉनने नंतर आपल्या काही कॅमेऱ्यांना सॉफ्टवेअर बदलून त्याच खाचेत सीएफएक्सप्रेस हे नंतरचं कार्ड चालवण्याची सोय दिली, ते चांगलं केलं. सोनीनेही २०२० च्या अल्फा सेव्हन एस थ्री मध्ये वेगवान सीएफएक्सप्रेस टाइप ए कार्डाबरोबर एसडीही घेणारी खाच दिली. वेग हवा म्हणून गिऱ्हाइकाला कोंडावंच लागतं, हे म्हणणं त्या एका खाचेने खोडून निघतं.

दुसरा आक्षेप असा, की कार्ड जपणुकीसाठी नसतंच. फोटो उतरवून घ्यायचे असतात. तत्त्व म्हणून मान्य. पण २००५ च्या सुमारास गावातल्या किती घरांत संगणक होता? कार्ड स्टुडिओत न्यायचं, सीडी करून आणायची. ते राहून गेलं की कार्ड कपाटात. याच दिवेआगरात सापडलेला १०६० सालचा ताम्रपट मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक मानला जातो. तो वाचायला अभ्यास लागतो, कुणाची खाच लागत नाही. कार्डाचं आयुष्य त्याच्याशी ताडून पाहणं अन्यायाचं ठरेल, पण निदान एका पिढीपुरतं तरी टिकावं की नाही?

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन तालुक्यातल्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या. त्याआधीच्या वाड्या, मुखवट्यासह मंदिर, किनारा हे सगळं कुणाकुणाच्या जुन्या कार्डांत पडून असणार. फ्लॅश स्मृतीतला विद्युतभारही कायमचा टिकत नाही. एक्सडी आणि मेमरी स्टिक वाचणारे अनेक खाचांचे रीडर अजून शोधले तर मिळतात. ग्रामपंचायतीने किंवा श्रीवर्धनच्या एखाद्या स्टुडिओने असा एक रीडर घेऊन ठेवावा आणि लोकांना कपाटातली कार्डं घेऊन यायला सांगावं. पुण्या-मुंबईला गेलेल्यांनाही कळवावं, आणि हे याच वर्षी करावं.