पाऊण मासा

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात, अल्बुकर्की शहरी, अणुविज्ञान व इतिहास यांचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. १९६९ साली ते सुरू झाले. मुलाकडे काही महिने राहावयास गेलेले एक वयोवृद्ध सराफ नातीच्या आग्रहाखातर ते पाहावयास गेले. उभे आयुष्य काट्यासमोर गेलेले. त्यामुळे प्रत्येक वस्तूपाशी त्यांचा पहिला प्रश्न एकच असे : वजन किती?

‘लिटल बॉय’च्या प्रतिकृतीपाशीही त्यांनी तोच विचारला. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर टाकलेल्या बॉम्बला ‘छोटा मुलगा’ म्हणावे, हे एक नवलच. वजन सुमारे ४४०० किलो, आत युरेनियम ६४ किलो. नात भौतिकशास्त्र शिकणारी. ती म्हणाली, “आजोबा, त्यातल्या किलोभराहूनही कमी युरेनियमचे विखंडन झाले. आणि ज्याची ऊर्जा झाली ते वस्तुमान अवघे ०.७ ग्रॅम.”

पाऊण मासा! एवढ्या सोन्यात मुलीच्या कानातला धड जोडही होत नाही. त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत हिरोशिमात मेलेल्यांचा अंदाज १ लाख ४० हजारांचा. बराच वेळ ते तिथून हलले नाहीत.

पुढे १९६६ साली स्पेनमधील पालोमारेस गावाजवळ विमान-अपघातात पडलेल्या चार हायड्रोजन बॉम्बांपैकी दोहोंची कवचे ठेवली आहेत. अणुस्फोट झाला नाही. पण दोन बॉम्बांतले प्लुटोनियम शेतांत पसरले आणि सुमारे १४०० टन माती, झाडपाला जहाजाने अमेरिकेत आणावा लागला. टनांचा हा आकडा आजोबांनी नुसता ऐकून घेतला.

ते थबकले ते अणुवैद्यकाच्या दालनात. वीस वर्षांपूर्वी आजींच्या थायरॉइडच्या कर्करोगावर मुंबईत किरणोत्सारी आयोडीन दिले होते. त्यानंतर त्या अकरा वर्षे जगल्या. दोन नातवंडांची लग्ने पाहून गेल्या.

“त्या औषधात आयोडीन किती असेल गं?”

नातीने नेहमीची मात्रा धरून फोनवर आकडेमोड केली. किरणोत्सारी आयोडीन मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागाहूनही कमी भरले.

आजींना तेव्हा काही दिवस स्वतंत्र खोलीत ठेवले होते. आजोबा डबा दाराशी ठेवून मागे फिरत. बिल त्यांनी रीतसर फाइलला लावले होते. त्यावर औषधाचे नाव होते, रक्कम होती. वजनाचा रकाना नव्हता.