देणे बाकी

मॅगझिनच्या संपादक मंडळातल्या एका मुलाचा फोन आला. "सर, तुम्ही आपले माजी विद्यार्थी. सदतीस वर्षं बँकेत काढलीत. 'यशाचा मंत्र' असं काहीतरी लिहा ना!" मी म्हटलं, बाबा रे, मंत्र-बिंत्र काही माझ्याकडे नाही, आहे ती सगळी उधारी. त्याला वाटलं सर विनोद करतायत. "मग उधारीवर लिहा सर. पण वीस तारखेच्या आत द्या, प्रेसला जायचंय!"

तर ही उधारीची यादी. क्रम जसा आठवेल तसा.

1979 साली मी मेकॅनिकलला आलो तेव्हा ॲडमिशनच्या पैशांची मोठी पंचाईत होती. अण्णा एसटीत कंडक्टर. पगार किती असणार! आमच्या कॉलनीत आईची बायकांची भिशी चालायची. बारा जणी, दर महिन्याला चिठ्ठी, जिचं नाव निघेल तिला रक्कम. त्या महिन्यात आईनं चिठ्ठी टाकूच दिली नाही. सगळ्यांना चहाला बोलावलं आणि म्हणाली, "ह्या खेपेचा नंबर मला द्या, पोराला इंजिनेरिंगला घालायचंय." अकरा जणींनी मान डोलावली. माझ्या आयुष्यातलं हे पहिलं कर्ज. पुढे हजारो कर्जांचे कागद मी तपासले. तारण काय, जामीनदार कोण, परतफेडीची कुवत किती... त्या दिवशी तारण म्हणून आईचा शब्द होता आणि जामीनदार कुणीच नव्हतं. नंतरचे अकरा महिने तिनं हप्ता कसा भरला ते मी कधी विचारलं नाही. तेव्हा मी इथे हॉस्टेलवर कॅरम खेळत होतो.

अण्णांचं वेगळंच. मुक्कामी गाडी नसेल तेव्हा रात्री घरी आले की आधी वेबिल तपासायचे, मग जेवण. तिकिटांच्या गठ्ठ्याचा सुरुवातीचा नंबर, शेवटचा नंबर, वजाबाकी, गुणिले तिकिटाची किंमत. डेपोत भरणा करून झालेला असायचा, तरी घरी पुन्हा आकडे बघायचे. भरणा कमी आला तर खिशातून घालावे लागत. एकदा बारा रुपये कमी आले होते. त्या रात्री ते जेवले नाहीत. बारा रुपयांसाठी नव्हे, तर सापडत नाही म्हणून! पहाटे आठवलं, एका म्हातारीला सुट्टे परत देताना चूक झाली होती. "सापडलं," म्हणाले, आणि आंघोळीला गेले. पैसे परत मिळणार नव्हतेच.

आता हॉस्टेल. तिसऱ्या वर्षाला मला मेस सेक्रेटरी केलं. (कुणी उभंच राहत नव्हतं, म्हणून बिनविरोध. तुमच्याकडेही असंच असेल.) महिनाअखेरीला खाडे वजा करून, गेस्ट आणि फीस्टचा खर्च वाटून बिल काढायचं. पहिल्याच महिन्यात सत्तावीस रुपयांचा फरक आला. दोन रात्री बसलो. रूम पार्टनर म्हणाला, टाक रे खिशातले आणि झोप. पण डोळ्यासमोर अण्णा! शेवटी वही घेऊन हॉस्टेल ऑफिसातल्या क्लार्ककाकांकडे गेलो. त्यांनी वही उघडलीसुद्धा नाही.

"किती फरक आहे म्हणालास?"

"सत्तावीस."

"नवानं भाग जातो ना? मग कुठंतरी आकडा उलटा लिहिलायस. जा, बघ."

गेलो, बघितलं. भाजीवाल्याचे 85 मी खतावणीत 58 लिहिले होते. इंजिनियरिंगच्या पोराला कारण लगेच कळेल: दोन अंकी संख्या उलटी केली की फरक नवाच्या पटीतच येतो. पण मला तीन वर्षं मॅथ्स शिकून ते सुचलं नव्हतं. काकांनी पुढे आणखी एक सांगितलं. फरकाला दोननं भागून बघायचं, तेवढी रक्कम वहीत सापडली तर ती जमेऐवजी नावे पडली असेल. ह्या दोन युक्त्यांवर मी पुढची वीस वर्षं, म्हणजे लेजर्स हातानं लिहायची होती तोवर, शाखेत हुशार म्हणून मिरवलो. कुणाकडून शिकलो हे एकदाही सांगितलं नाही. काका कधी रिटायर झाले तेही मला माहीत नाही. नोकरी लागल्यावर एक साधं पोस्टकार्ड टाकायला काय हरकत होती? राहिलं ते राहिलंच.

1983 ला पास झालो आणि पुढच्या वर्षी एका राष्ट्रीयीकृत बँकेत टेक्निकल ऑफिसर म्हणून लागलो. लघुउद्योगांना कर्जं देताना मशिनरी बघायला, प्रोजेक्ट तपासायला बँका तेव्हा इंजिनियर घ्यायच्या. अण्णा म्हणाले, "एवढं शिकून शेवटी पैसेच मोजणार? ते मी दहावी न होता करतोय की!"

आता ज्यासाठी खरं तर लिहायला बसलो ते.

1989. कोल्हापूरच्या बाजूची शाखा. त्या भागात फाउंड्र्या पुष्कळ. आमच्या शाखेतही अशी बरीच खाती होती. त्यातल्या एकाला सहा लाखांचं कॅश क्रेडिट दिलेलं. कॅश क्रेडिट म्हणजे तुमचा कच्चा-पक्का माल बँकेकडे नजरगहाण, आणि त्याच्या किमतीतून 25 टक्के मार्जिन सोडून उरेल तेवढी उचल. म्हणजे सहा लाख उचलायचे तर आठ लाखांचा माल शेडमध्ये हवा. मालक दरमहा स्टॉक स्टेटमेंट देणार आणि आम्ही जाऊन माल मोजून यायचं. हे काम माझं.

त्या महिन्यात मी गेलोच नाही. पावसाळा, स्कूटर बंद, वर घरी नवीन संसार! मालकाचं स्टेटमेंट समोर घेतलं आणि टेबलावर बसून पाहणीचा अहवाल लिहिला. आदल्या महिन्यातही तेच केलं होतं. माल पुरेसा, साठवण व्यवस्थित, सही.

साहेबांनी अहवाल वाचला. आमचे शाखाधिकारी, कॉमर्सचा माणूस, आवाज कधी चढवत नसत. म्हणाले, "तयार कास्टिंग ठेवतात त्या नवीन शेडचं दार कुठल्या बाजूला आहे रे?"

मला शेड नवीन आहे हेच माहीत नव्हतं.

ते पुढे एक शब्द बोलले नाहीत. "उद्या सकाळी सातला माझ्याबरोबर चल." गेलो. शेडमध्ये कास्टिंगची रास छान रचलेली, वरून रेड ऑक्साइड मारलेलं. माझ्या डोळ्यांना सगळं ठीक. साहेबांनी तिथल्या एका म्हाताऱ्या मोल्डरला बोलावलं. त्यानं आधी मालकाकडे पाहिलं, मग खाली पाहिलं, आणि हातोडी उचलली. एकेका नगावर टोला. चांगलं कास्टिंग घंटेसारखं वाजतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. त्या राशीत बहुतेक बद्दच वाजत होतं. मोठ्या गिऱ्हाइकानं परत पाठवलेला रिजेक्शनचा माल, रंग मारून मांडलेला. आठ लाखांचा म्हणून लिहिलेला साठा जेमतेम तीन लाखांचा निघाला.

मेकॅनिकलचा फर्स्ट क्लास घेतलेला मी, आणि मला हातोडीचा आवाज कॉमर्सच्या साहेबांनी ऐकवला!

प्रादेशिक कार्यालयाला कळवणं भाग होतं. माझी नोकरी जाईल असंच मला वाटत होतं. साहेबांनी पत्र स्वतः लिहिलं. मी पाहणी न करता अहवाल दिला हे त्यात स्पष्ट होतं, एक अक्षर झाकलं नव्हतं. पण पुढचं वाक्य असं की आदल्या महिन्याचा तसलाच अहवाल शाखाधिकारी म्हणून आपण न तपासता पुढे पाठवला, सबब जबाबदारी प्रथम आपली. दोघांकडून खुलासे मागवले गेले. मला लेखी ताकीद मिळाली. साहेबांचं त्या वर्षीचं प्रमोशन गेलं. का गेलं हे कागदावर कुठे नाही, पण शाखेत सगळ्यांना ठाऊक होतं. मला त्यांनी त्यावरून कधी टोमणासुद्धा मारला नाही. फक्त पुढचे दोन महिने प्रत्येक पाहणीहून आलो की विचारायचे, "दार?"

तो मालक, खरं सांगायचं तर, लबाड नव्हता, घाबरलेला होता. साहेबांनीच खटपट करून थकलेल्या रकमेचे हप्ते बांधून दिले. त्यानं ते फेडले.

1992 च्या एप्रिलमध्ये मुंबईचा रोखे घोटाळा बाहेर आला. हर्षद मेहताचं नाव पोराटोरांच्या तोंडी झालं. कॅन्टीनमध्ये आम्ही सगळे चवीनं बोलायचो. बँक रिसीट म्हणून एक कागद असतो, त्यामागे सरकारी रोखे असायला हवेत. काही रिसीटांमागे रोखेच नव्हते. "असं कसं कुणी सही करतं?" सहकारी विचारायचे. मी गप्प बसायचो. सही कशी होते ते मला चांगलं ठाऊक होतं.

मोल्डरकडे मी नंतर अनेकदा गेलो. वाळू मुठीत दाबून ओल कशी बघायची, कोळसा किती जळाला तर भट्टी तोट्यात, सगळं त्यानं शिकवलं. पुढे संगणक आले, कोअर बँकिंग आलं, तेव्हा निम्म्या वयाच्या एका क्लार्क मुलीनं मला स्क्रीन शिकवले. मी तिला मॅडम म्हणायचो आणि ती लाजायची.

8 नोव्हेंबर 2016 ला पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या तेव्हा मी शाखाप्रमुख होतो. दहा तारखेला शाखा उघडल्या. दारापासून चौकापर्यंत रांग. शनिवार-रविवारही काम. एका रात्री साडेदहाला अण्णांचा फोन, वय चौऱ्याऐंशी. "भरणा झाला का रे?" म्हटलं, नाही, दोन हजार कमी येतायत, शोधतोय. "शोध, मी जागा आहे." साडेअकराला कळवलं, सापडले. मग झोपले. 2018 ला अण्णा गेले. आई त्याआधीच गेली होती.

2019 च्या ऑगस्टात सांगलीत कृष्णेचं पाणी शिरलं. साहेब रिटायर होऊन तिथेच राहत होते. महिनाभरानं भेटायला गेलो. भिंतीवर कमरेएवढी पाण्याची रेघ. साहेब अंगणात कागद वाळत घालत होते. तीस वर्षं मनात घोळवलेलं मी बोलायला सुरुवात केली, "साहेब, त्या वेळी तुम्ही..." त्यांनी हात वर केला.

"दार कुठल्या बाजूला होतं?"

"ओढ्याच्या, साहेब. मागच्या."

"हं. मग हे धर," म्हणून एक ओली फाइल माझ्या हातात दिली. तासभर आम्ही कागद वाळवले. ते बोलणं झालंच नाही.

राहिली बायको. सदतीस वर्षांत अकरा बदल्या. गॅसचं ट्रान्सफर व्हाउचर, मुलांचे दाखले, भांडी गोणपाटात बांधणं हे सगळं तिच्याकडे. 1994 ला नांदेडची ऑर्डर आली तेव्हा कोल्हापुरातल्या शाळेत ती नुकतीच कायम झाली होती. मी म्हणालो, "तिकडे मिळेल की दुसरी." तिनं राजीनामा दिला. तिकडे मिळाली नाही, पुढच्या गावीही नाही. घरी शिकवण्या घेत राहिली. माझी पेन्शन दर महिन्याला जमा होते. तिची झाली असती ती किती, हे एकदा मी कागदावर मांडून बघितलं. चक्रवाढ वगैरे लावून. मग कागद फाडला.

हा लेख मी तिला वाचायला दिला. चष्मा लावून तिनं सगळा वाचला, आणि म्हणाली, "अहो, अकरा नव्हे, बारा. कोल्हापूरला आपण दोनदा होतो, तुम्ही एकदाच धरलंय."

मोजलं. बाराच. वर आकडा बदलता आला असता, पण बँकेत खोडाखोड चालत नाही. म्हणून संपादकांना विनंती, वरचा अकरा तसाच राहू द्या. बाजूला माझी सही आहे असं समजा.